कापसाला आगगाडी, कामगाराला यष्टी!

गिरणी कामगार बंधूंनो, भगिनींनो,
आणि गिरणीचा भोंगा ज्यांनी फक्त आईबापांच्या तोंडून ऐकला त्या लेकरांनो,

तुम्हाला एकच साधा सवाल विचारायचा आहे. गिरणीत कापूस यायचा तो कशातून? आगगाडीतून. आणि तो कापूस पिंजणारा, कातणारा, विणणारा माणूस गावाहून यायचा तो कशातून?

घाईने उत्तर देऊ नका. देवगडच्या गड्याने बोट आठवावी, पाटणच्या गड्याने घाटातली पायवाट आठवावी, आणि सगळ्यांनी मिळून तो लाल डबा आठवावा, ज्याच्या टपावर तुमची ट्रंक आणि वळकटी दोरीने आवळलेली असे. आई अत्यवस्थ असल्याची तार आली तेव्हा तिसरी पाळी सोडून तुम्ही कुठे धावलात? परळच्या नाहीतर मुंबई सेंट्रलच्या यष्टी स्टँडावर. बहिणीचे लग्न, बापाचा बारावा, शेताची लावणी, गावची जत्रा, घरचा गणपती, सगळे त्या डब्यातून झाले.

आज त्याच डब्याच्या गळ्याशी हात गेला आहे. कुणी म्हणतो, यष्टी तोट्यात आहे. कुणी म्हणतो, तिचे दिवस भरले. कुणी तिच्या आगाराच्या जमिनीवर डोळा ठेवून हातात टेप घेऊन उभा आहे. ज्यांनी उभ्या जन्मात यष्टीचे तिकीट फाडले नाही, ते तिचा ताळेबंद आपल्याला वाचून दाखवतात! म्हणून आज आम्हीही एक हिशेब मांडतो. हा हिशेब सरकारी वहीत सापडणार नाही, पण तुमच्या घरोघरी सापडेल.

रूळ कुणासाठी पडले?

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली. आपण शाळेत मोठ्या अभिमानाने हे पाठ केले. पण पुढे रूळ कुठे गेले, हे कुणी शिकवले नाही. ते पूर्वेला वळले. अंगावर काटा येईल असा बोरघाट माणसांच्या हातांनी फोडला आणि १८६३ साली गाडी घाट चढून गेली. एवढा आटापिटा कशासाठी? आपल्या आज्याला पंढरीचे दर्शन घडावे म्हणून? छे! १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी पेटली होती, मँचेस्टरच्या गिरण्या कापसावाचून उपाशी पडल्या होत्या, आणि वऱ्हाडात पांढरे सोने पिकत होते. ते बंदरावर ओढून आणायला रूळ हवे होते.

१८७० साली जलंबपासून खामगावापर्यंत छोटासा फाटा काढला, तर तो उघडायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला! खामगावात त्याचे कोण सोयरे होते? कुणी नव्हते. तिथे कापसाचा बाजार होता. यवतमाळ, मूर्तिजापूर, अचलपूर ही अरुंद रुळांची ‘शकुंतला’ घातली तीही कापसासाठी, आणि घातली विलायती कंपनीने.

ध्यानात घ्या. कापसाच्या गासडीला रूळ मिळायला पहिल्या गाडीपासून सतरा वर्षे पुरली. आता माणसाचे ऐका. मुंबईच्या गिरण्या ज्यांच्या हाडांवर उभ्या राहिल्या त्या रत्नागिरीच्या माणसाला मुंबईची आगगाडी कधी मिळाली? कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला २६ जानेवारी १९९८ रोजी. एकशे पंचेचाळीस वर्षे! गासडीला सतरा आणि गड्याला एकशे पंचेचाळीस!

आणि सगळे पाप इंग्रजाच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही. इंग्रज १९४७ साली गेला. त्यानंतरची पन्नास वर्षे कुणाची? मधु दंडवते, जॉर्ज फर्नांडिस यांच्यासारख्यांनी रेटा लावला, १९९० साली कोकण रेल्वे महामंडळ उभे राहिले, श्रीधरन यांनी डोंगर पोखरून काम पुरे केले, तेव्हा कुठे गाडी आली. ती आली तेव्हा गिरण्यांचे भोंगे बंद पडत चालले होते. ज्याच्यासाठी गाडी हवी होती तो गडी ट्रंक घेऊन गावाकडे परत निघाला होता!

मधली शंभर वर्षे

मग या मधल्या काळात आपली माणसे आलीच कशी? कोकणचा चाकरमानी बोटीने आला. बंदरात धड धक्का नाही, म्हणून भर समुद्रात पडावात उतरायचे, आणि पडावातून गुडघाभर पाण्यात. पावसाळा लागला की किनाऱ्याची ती बोट बंद. म्हणजे गावाकडे लावणी असताना, घरात आजारपण असताना समुद्राने दार लावून घेतलेले. आणि जवळच्या फेरीची बोट पावसात निघालीच, तर कधी काय होई तेही सांगायला हवे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. स्वातंत्र्य महिन्याभरावर आले होते, आणि माणसे घरी जाताना मरत होती.

घाटावरच्यांनी हसू नये. त्यांची गतही तीच. पाटण, जावळी, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांनी गिरणगावाला हजारो गडी दिले. एकेका गाळ्यात वीस-वीस जण पाळीपाळीने झोपले. यांतल्या एका तरी तालुक्याच्या गावात आगगाडी शिरली का? नाही. आगगाडी लांबून शिट्टी घालून गेली. पुढे डोक्यावर बोजा आणि पायाखाली वाट.

रेल्वेवाल्यांनी एक गमतीचा शब्द काढला आहे, ‘रोड’. सातारा रोड, राजापूर रोड, संगमेश्वर रोड, सावंतवाडी रोड. स्टेशनाच्या नावापुढे ‘रोड’ लागला की समजावे, गाव इथे नाही! गाव तिकडे लांब, तुमच्या नशिबाच्या पलीकडे. ‘रोड’ म्हणजे रेल्वेने हात जोडून सांगितलेले असते, ‘‘बाबा रे, माझे रूळ इथे संपले, पुढचे तुझे तू बघ.’’

त्या ‘रोड’पासून उंबरठ्यापर्यंतचे कोण बघत होते? ते यष्टीने बघितले.

पहिली गाडी कुठे सुटली?

१ जून १९४८. पुण्याहून नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, सरकारी यष्टीची पहिली गाडी सुटली. हीच वाट का धरली असेल? नकाशा उघडा. पुणे आणि नगर ही शेजारी शेजारी बसलेली शहरे. पण आगगाडीने जायचे तर आधी दौंडला जा, तिथून उलटे वर चढा, मग नगर! रुळांनी नाकासमोरची वाट सोडून घास डोक्यामागून फिरवून घेतला होता. यष्टीने तो सरळ तोंडाजवळ आणला. म्हणजे पहिल्या दिवसापासून यष्टीचा जन्म कशासाठी होता ते स्पष्ट आहे. जिथे रूळ नाहीत, किंवा असून नसल्यासारखे आहेत, तिथे माणसाला पोचवायचे.

त्याआधी खासगी मोटारवाले होतेच की! पण त्यांचे शास्त्र एकच. गाडी भरली की सुटायची, आणि जिथे पैसा तिथेच धावायची. पावसात घाट खचला, गाडी रिकामी राहिली, की मालक घरात. यष्टीने वेळापत्रक आणले. पाच माणसे असोत की पन्नास, वेळ झाली की डबल बेल! रात्री दहाला डोंगराच्या कुशीतल्या वाडीवर जाऊन मुक्काम करणारी आणि पहाटे पाचला दुधाचे कॅन, शाळेची पोरे, कोर्टाची तारीख असलेला म्हातारा असे सगळे घेऊन निघणारी ती वस्तीची गाडी कुठल्या मालकाने चालवली असती?

मराठवाड्यात निजामाच्या रेल्वे खात्यानेच १९३२ साली मोटारी काढल्या. रूळ सगळीकडे नेता येत नाहीत हे निजामाला कळले होते! विदर्भात मध्य प्रदेशची निराळी सर्व्हिस होती. १९६० साली महाराष्ट्र एक झाला आणि १९६१ साली या तिन्ही तुकड्यांचे एक महामंडळ झाले. त्या एकीसाठी १९५५-५६ साली फ्लोरा फाउंटनवर ज्यांनी गोळ्या झेलल्या त्यांत गिरणगावातले गडी होते, हे आम्ही तुम्हाला सांगायला नको. राज्याचा नकाशा कागदावर सरकारने काढला असेल. पण सावंतवाडीचा, गडचिरोलीचा आणि नांदेडचा माणूस एका राज्यात राहतो हे जमिनीवर खरे केले ते यष्टीच्या चाकांनी.

सीमेवर जा आणि बघा. निपाणीला रूळ नाहीत. तिथला मराठी माणूस कोल्हापूरला येतो तो मोटारीनेच. तंटा पेटला की सगळ्यात आधी थांबते ती यष्टी. २०२२ च्या डिसेंबरात असेच झाले. यष्टी थांबते म्हणजे कुणाचे तरी माहेर तुटते, हे दिल्लीत बसून समजत नाही.

‘‘आता रेल्वे आली, यष्टी कशाला?’’

आता विरोधकांचे म्हणणे घेऊ. आम्ही ते लपवणार नाही.

पहिला शहाणा म्हणतो, ‘‘कोकण रेल्वे आली, २०२३ साली मडगावची वंदे भारतही आली. आता यष्टीची गरज काय?’’ अहो महाराज, वंदे भारत मधल्या किती स्टेशनांवर थांबते ते मोजायला दोन हातांची बोटे पुरतात! कोकण रेल्वे बव्हंशी एकेरी मार्गावर चालते. गणपतीच्या गाड्यांची आरक्षणे उघडताक्षणी भरतात. म्हणून तर २०२५ च्या गणपतीला यष्टीने पाच हजार जादा गाड्यांची तयारी केली. रेल्वेने सगळे भागले असते तर त्या पाच हजार गाड्यांत काय भुते बसणार होती? मालवण, देवगड, वेंगुर्ले इथे आजही रूळ नाहीत. आगगाडीतून कणकवलीला, कुडाळला उतरल्यावर पुढे काय? यष्टीच.

बीडचे बघा. नगर, बीड, परळी हा मार्ग १९९५ साली मंजूर झाला आणि बीडला आगगाडी पोहोचली १७ सप्टेंबर २०२५ रोजी. तीस वर्षे! मंजुरीच्या दिवशी जन्मलेले पोर बापही झाले असेल. या तीस वर्षांत बीडकर काय घरी बसून होता? कोल्हापूर ते वैभववाडी रेल्वे कागदावर. पुणे ते नाशिक थेट रेल्वे कागदावर. कागदावरच्या रेल्वेतून कुणाची आजारी आई इस्पितळात जात नाही!

‘‘यष्टी तोट्यात आहे’’

दुसरा शहाणा म्हणतो, ‘‘तोटा बघा! दहा हजार कोटींच्या वर!’’

आकडा खरा आहे. पण तोटा झाला कसा तेही सांगा की! शंभर रुपयांच्या भाड्यामागे साडेसतरा रुपये प्रवासी कर यष्टी सरकारच्या तिजोरीत वर्षानुवर्षे भरत आली. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून फुकट प्रवास, बायांना २०२३ पासून अर्धे तिकीट. या सवलती आम्हाला मान्य आहेत, त्या राहिल्याच पाहिजेत. आमच्याच म्हाताऱ्यांना, आमच्याच आयाबहिणींना त्या मिळतात. पण घोषणा करायची मंत्र्याने, हार घालून घ्यायचे मंत्र्याने, आणि भरपाईसाठी महामंडळाने दारात उभे राहायचे! वाडीवरची वस्तीची गाडी तोट्यात चालते हे उघड आहे. ती नफ्यासाठी काढलीच नव्हती. गावचा रस्ता नफ्यात आहे का? गावची शाळा नफ्यात आहे का? ज्या तालुक्याला सरकारने रेल्वे दिली नाही, त्या तालुक्यातली यष्टी ही सरकारने फेडायच्या देण्याचा हप्ता आहे. देणेकऱ्याने हप्त्याला ‘तोटा’ म्हणावे, याला आपल्या गावात बेइमानी म्हणतात.

उलट जानेवारी २०२५ मध्ये भाडे किती वाढवले? जवळजवळ पंधरा टक्के. म्हणजे रेल्वे न मिळाल्याचा दंडही आपणच भरायचा!

‘‘खासगी आराम गाडी आहे की!’’

तिसरा शहाणा म्हणतो, ‘‘खासगी गाड्या आहेत ना, मऊ गाद्यांच्या, थंड हवेच्या!’’

आहेत. आणि रुळांची उणीव त्याही थोडीफार भरून काढतात, हे नाकारून चालणार नाही. तुमची-आमची पोरे त्यांतूनच जातात. पण किती किमतीला? आमच्या घरचाच प्रसंग सांगतो. गणपतीच्या आदल्या आठवड्यात नाक्यावरच्या एका एजंटाकडे तिकिटाला गेलो. सकाळी एक भाडे, संध्याकाळी त्याच्या दुप्पट. ‘‘सकाळी तर वेगळं सांगितलं होतंत,’’ म्हटले. तो पान थुंकून म्हणतो, ‘‘सकाळी मागणारे कमी होते!’’ म्हणजे आमची भक्ती ही त्याची तेजी.

बंधूंनो, याला कायदा आहे. एप्रिल २०१८ मध्ये राज्य सरकारने ठरवून दिले की, खासगी कंत्राटी गाडीने यष्टीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घ्यायचे नाही. समजा यष्टीचे भाडे सहाशे, तर खासगीचे फार तर नऊशे. हा आकडा पाठ करा, पोरांना सांगा. पण त्यातली गोम ओळखा. खासगीची वरची मर्यादा यष्टीच्या भाड्यावर बेतलेली आहे. उद्या यष्टीच मोडली, तर ती मर्यादा कशावर बेतणार? यष्टी ही आपल्या गाडीत न बसणाऱ्या माणसाचाही खिसा राखते!

आणि त्या गाड्यांचा परवाना कसला आहे तेही ऐका. मोटार वाहन कायद्याने कंत्राटी गाडीला ठरलेले उतारू न्यायचे असतात, वाटेत नाक्यानाक्यावर सुटी माणसे भरायची नसतात. तसा टप्पा वाहतुकीचा धंदा करायचा तर वेगळा परवाना, वेगळी बंधने. यष्टी ती सगळी बंधने पाळते. रिकामी धावते, कर भरते, वाडीवर जाते. दुसरा फक्त साय काढून घेतो, आणि मग म्हणतो, बघा, यष्टीच्या दुधात सायच नाही!

२०२१ च्या दिवाळीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत यष्टीचे कामगार संपावर होते. त्या दिवसांत आपल्यातलेच काही जण म्हणाले, ‘‘हे यष्टीवाले माजलेत.’’ ते ऐकून मान खाली गेली. १८ जानेवारी १९८२ ला आपण गिरण्यांबाहेर पडलो तेव्हा पांढरपेशे आपल्याबद्दल हेच म्हणाले होते. संपाच्या त्या उपासमारीत आपल्याला गावाकडे नेले कुणी? याच यष्टीने, याच ड्रायव्हर-कंडक्टरांनी. ते विसरू नका.

यष्टीत दोष नाहीत असे आम्ही म्हणत नाही. स्टँडावरची मुतारी नाक दाबून ओलांडावी लागते. गाड्या जुन्या झाल्या आहेत. मुंबई-गोवा महामार्गाचे रुंदीकरण २०११ पासून रखडले, त्या खड्ड्यांत नवी गाडीही खिळखिळी होते. हे सगळे सुधारले पाहिजे. पण म्हातारी आई खोकते म्हणून तिला कुणी औषध देतो की तिच्या नावची जागा विकायला काढतो?

जमीन! हे नीट वाचा

आता खरी गोष्ट. वरचे सगळे विसरलात तरी चालेल, एवढे विसरू नका.

यष्टीची सुमारे अडीचशे आगारे आहेत आणि त्याहून कितीतरी अधिक स्थानके. शहराच्या, तालुक्याच्या ऐन मध्यभागी. १९४८ नंतर गाव लहान असताना घेतलेल्या जागा, आज सोन्याच्या झाल्या आहेत. २०२५ साली सरकारने धोरण मंजूर केले. यष्टीच्या ‘अतिरिक्त’ जागांचा व्यापारी वापर करायला भाडेपट्टा साठ वर्षांऐवजी ४९ अधिक ४९, म्हणजे अठ्ठ्याण्णव वर्षांपर्यंत. सांगतात की यातून यष्टीला पैसा मिळेल.

मिळो बापडा! पण आम्ही गिरणगावचे आहोत. आम्हाला ‘अतिरिक्त’ हा शब्द नवा नाही. त्याचा जुळा भाऊ आमच्या अंगणात खेळून गेला आहे. त्याचे नाव ‘मोकळी’.

आठवा. १९९१ च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे व्हायचे होते. एक शहराच्या मोकळ्या मैदानांना, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ साली एक दुरुस्ती आली. वाटे करायचे ते फक्त ‘मोकळ्या’ जमिनीचे, जिच्यावर बांधकाम उभे आहे तिचे नाही! एक शब्द बदलला आणि मैदाने गेली, घरे गेली, वाटा आक्रसून मूठभर झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००६ साली मालकांच्या बाजूने निकाल लागला. जिथे आपले साचे खडखडत होते तिथे काचेचे मनोरे उभे राहिले. तिथल्या दारावरचा पहारेकरी आज आपल्याला विचारतो, ‘‘कोणाकडे काम आहे?’’

म्हणून सांगतो, शब्दावर नजर ठेवा. कोणती जागा ‘अतिरिक्त’? ठरवणार कोण? आज गाड्या कमी केल्या, तर उद्या त्यांची उभी राहायची जागा आपोआप ‘अतिरिक्त’ होते. फेऱ्या कमी करा, उतारू आटवा, मग आगार रिकामे दाखवा, मग जमीन द्या. गिरण्यांत हेच झाले नाही का? आधी यंत्रे जुनी ठेवली, मग गिरणी आजारी म्हणाले, मग जमीन विकाऊ म्हणाले. एक खेळ आपण पाहिला आहे. त्याच खेळाचे दुसऱ्यांदा तिकीट काढायचे का?

वर दुकाने, मधे कचेऱ्या आणि खाली तळघरात कोंदट यष्टी स्टँड, तेही दोन फलाटांचे. अशी ‘सुधारणा’ आम्हाला नको. आधी गाडीची जागा, उताराची जागा, ड्रायव्हर-कंडक्टरच्या झोपण्याची जागा. ती सगळी भागून उरले तर बोला.

आमच्या मागण्या

एक. ज्या तालुक्यांच्या गावांना आगगाडी नाही, त्यांच्या यष्टी फेऱ्यांचा खर्च ‘तोटा’ म्हणून नव्हे, तर सरकारचे देणे म्हणून दर वर्षी अंदाजपत्रकात धरला पाहिजे.

दोन. प्रवासी कराचा पैसा यष्टीच्या नव्या गाड्यांसाठी यष्टीलाच मिळाला पाहिजे, आणि सवलतींची भरपाई वेळेवर व पुरी झाली पाहिजे.

तीन. दीडपट भाड्याची मर्यादा गणपती, शिमगा, दिवाळीत नाक्यानाक्यावर फलक लावून पाळली गेली पाहिजे. मोडणाऱ्याचा परवाना गेला पाहिजे.

चार. प्रत्येक ‘रोड’ स्टेशनावर गाडी आली की यष्टी हजर पाहिजे. रेल्वे उशिरा आली तर यष्टीने थांबले पाहिजे. रात्री दोनला बाई-पोरांना फलाटावर उजाडेपर्यंत बसवणे बंद!

पाच. आगाराच्या जमिनीचा कोणताही करार होण्याआधी तो मराठीत त्याच स्टँडावर चिकटवला पाहिजे. किती फलाट होते आणि किती राहणार, हे आकड्यांत लिहिले पाहिजे. त्याशिवाय एक वीतही जागा देता कामा नये.

या मागण्यांत चंद्र मागितलेला नाही. कामावरून सुटलेल्या माणसाला घरी पोचवा, एवढेच मागितले आहे.

तुम्ही काय कराल?

बंधूंनो, गिरण्या गेल्या. भोंगा गेला. आपल्यापैकी बरेच जण आता गावाकडे आहेत, आणि म्हाडाच्या घराच्या चौकशीला, वारसाच्या कागदाला, मुलाबाळांना भेटायला मुंबईला खेपा घालतात. त्या खेपा कशाने घालता? गुडघे धरून ज्या पायरीवर चढता ती कुणाच्या गाडीची आहे? म्हणून हा लढा यष्टीवाल्यांचा आहे असे समजून दूर उभे राहू नका. हा तुमच्या दारापर्यंत येणाऱ्या वाटेचा लढा आहे.

गावच्या मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा कागद वाचा. तुमच्या तालुक्याच्या स्टँडावर गेल्या पाच वर्षांत कुठल्या फेऱ्या बंद झाल्या त्यांची यादी करा. जुने वेळापत्रक पाठ असलेला म्हातारा प्रत्येक गावात एक तरी असतो, त्याला विचारा. ती यादी आगार व्यवस्थापकाच्या टेबलावर ठेवा, आमदाराच्या हातात द्या आणि सही-शिक्क्याची पोच घ्या. ग्रामसभेत ठराव करा. स्टँडाच्या जागेवर कुणी मोजणीला आले तर विचारा, ‘‘कागद दाखव!’’

कापसाला त्यांनी रूळ दिले, कारण कापसात त्यांचा नफा होता. आपल्याला काही दिले नाही, तेव्हा आपल्या मदतीला लाल डबा आला. तो तुटका असेल, खडखडत असेल, पण आपला आहे. गिरणी वाचवताना आपण कमी पडलो. यष्टी वाचवताना पडायचे नाही!

यष्टी जगलीच पाहिजे!
आगाराची जमीन आगाराचीच राहिली पाहिजे!
जिथे रूळ नाहीत तिथे यष्टी मिळालीच पाहिजे!

कामगार एकजुटीचा विजय असो!
जय महाराष्ट्र!